पोटाकडचा रंग

“वाळा नव्हे गो, काळतोंड्या आहे,” सुगंधा पारूआतेला म्हणाली आणि पाचोळ्यातला तो साप दोन बोटांत उचलून बांबूच्या रोवळीकडे वळली.

वळता वळता तिचा हात झटकला गेला. “चावला मेला,” ती म्हणाली. पण साप सोडला नाही. तो नीट रोवळीत टाकला, वर ओलं गोणपाट घातलं आणि मग करंगळीच्या बेचक्यात बघितलं.

“रक्त आलं काय गो?” पारूआतेने विचारलं.

“कुठलं रक्त! मुंगी चावल्यासारखं झालं.”

“काळतोंड्याला दात फुटले म्हणजे आता! ठेव त्याला कामाला. पिशव्या भरील.”

बायका हसल्या. मी पाण्याचा पाइप धरून रोपांच्या वाफ्यात उभा होतो. मीही हसलो.

सुगंधा माझी बायको. आमची कलमांची नर्सरी दापोलीच्या बाजूला, गावाबाहेर, देवराईला लागून. वैशाखात पिशव्या भरायचं काम असायचं. माती, कुजलेलं शेण आणि पाचोळ्याचं खत कालवून पिशव्या भरायच्या आणि रांगेने मांडून ठेवायच्या. पाचोळा राईच्या कडेचा. राईतलं पान कोणी उचलत नाही, पण कडेला व्हाळात वाहून आलेला पाचोळा आम्ही घ्यावा असा गावाने कौल दिला होता. अट एकच होती. पाचोळ्याबरोबर जे जिवंत येईल ते त्याच दिवशी राईत परत नेऊन सोडायचं. मारायचं नाही आणि कुंपणाबाहेर फेकायचंही नाही. म्हणून ढिगाशेजारी कायम एक रोवळी असायची. गोगलगाय, गोम, बेडूक, साप, जे निघेल ते हाताने उचलून तीत टाकायचं. संध्याकाळी सुगंधा ती रोवळी कमरेला लावून राईत जायची.

साप बारीकच निघत. वाळा म्हणजे गांडुळासारखा, त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत नाही. काळतोंड्या त्याहून लांब, तपकिरी, डोकं काळं, मानेवर पिवळी पट्टी, पाठीवर बारीक ठिपक्यांची ओळ. दोन्ही गरीब. इतके निघत की हाताला त्यांची भीती राहिली नव्हती. मी आणलेले हातमोजे खोपीत खुंटीला लटकलेले असायचे. मोजे घातले की पाचोळ्यातली काच कळत नाही, असं बायकांचं म्हणणं.

पण आणखी एक साप असतो, पोवळा. तोही बारीक, तपकिरी आणि काळ्या डोक्याचा. त्याच्या डोक्यावर दोन पिवळे ठिपके असतात आणि शेपटीवर दोन काळी कडी. चिखलाने माखला की यातलं काही दिसत नाही. पोट मात्र पोवळ्यासारखं लाल. तो विषारी. एवढ्या वर्षांत आमच्या ढिगात तो फार तर दोनतीनदा निघाला असेल. सुगंधाचं माहेरही राईच्या कडेचं, तिला लहानपणापासून तो माहीत. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या बाईला ती एकच गोष्ट सांगायची, “डोकं सगळ्यांचं काळंच असतं. हात लावायच्या आधी काडीने उलटा करा आणि पोट बघा. पिवळं असेल तर उचला. लाल असेल तर मला हाक मारा.”

त्या दिवशी तिने स्वतः पोट बघितलं नाही.

का ते मला माहीत होतं. गणपतीपासून माझी आई अंथरुणाला खिळली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला रात्रीतून चारपाच वेळा कुशीवर वळवावं लागायचं. मी करतो म्हटलं तर सुगंधा ऐकत नव्हती. “तुम्ही पुरुष माणूस. आयेला लाज वाटते. निजा तुम्ही.” मी निजायचो. पहाटे ती चुलीपाशी बसलेली दिसायची आणि उजाडलं की नर्सरीत. त्या वर्षात ती सलग झोपलेली मी बघितली नव्हती.

चहाच्या वेळेला तिने कप डाव्या हाताने घेतला. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. मी जवळ जाऊन बघितलं. करंगळीपासून मनगटापर्यंत सूज आली होती.

“दुखतंय?”

“ठणकतंय. शेणाचा हात आहे ना, चरचरत असेल.”

मी रोवळीपाशी गेलो आणि गोणपाट उचललं. साप कोपऱ्यात वेटोळं करून बसला होता, अंगभर चिखल. मी नुसता वाकलो तर त्याने शेपटी वर उचलली आणि टोकाशी गुंडाळून धरली. मी टमरेलभर पाणी त्याच्यावर ओतलं. डोक्यावर दोन पिवळे ठिपके दिसले.

खोपीत लोणच्याची काचेची बरणी होती. काठीने साप तिच्यात ढकलला, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी डोक्याच्या वर धरून खालून बघितली.

“काय आहे हो?” सुगंधाने बसल्या जागेवरून विचारलं.

“काळतोंड्याच वाटतो. तरी डॉक्टरला दाखवून येऊ.”

“तुम्हाला खोटं बोलायला येत नाही. पोट कसलं आहे?”

मी बरणी खाली घेतली. “लाल.”

बायकांचे हात थांबले. पारूआतेच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सुगंधा जरा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली.

“म्हणजे मी बघितलंच नाही,” ती म्हणाली. मग पारूआतेकडे वळली. “आते, आयेला चहा चमच्याने द्यायचा, बशीने नाही. ठसका लागतो. आणि डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नकोस.”

“तू जा गो बाय आधी. जा.”

टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली, बरणी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, “ती मागे ठेव.” ती म्हणाली, “मागे फुटेल. राईत द्यायचाय तो.”

दवाखाना सरकारी होता आणि डॉक्टर नवीन होती. अफरीन मुकादम तिचं नाव. हर्णैकडची पोर, आमच्यासारखंच बोलायची. तिने हात बघितला आणि बोटाच्या बेचक्यातल्या दोन बारीक खुणा भिंगातून बघितल्या. दारातला शिपाई बरणी घ्यायला पुढे आला. “मारून टाकतो आधी,” म्हणाला. सुगंधाने बरणी पोटाशी धरली.

“चावायचा तेवढा चावला तो. आता त्याला मारून काय करणार?”

डॉक्टरने मोबाइलवर सापाचे फोटो काढले, वरून एक आणि काचेखालून एक, आणि कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांना पाठवले. फोनवर बराच वेळ बोलली. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

“काका, सरळ सांगते. पोवळाच आहे. सापावरचं आपल्याकडे जे औषध आहे ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाचं. याचं नाही. हा माणसाला फारसा चावतच नाही, त्यामुळे कोणी सांगायलाही नाही. बहुतेक नुसती सूज येईल आणि उतरेल.”

“आणि नाही उतरली तर?”

“हा नागाच्या कुळातला. विष चढलंच तर आधी पापण्या जड होतात. मग जीभ, मग श्वास. श्वासाचं मशीन इथे नाही. ते घाट उतरून पुढे.”

“मग आत्ताच नेतो.”

“वाटेत काही झालं तर गाडीत तुम्ही काय करणार? इथे मी आहे. हाताने हवेची पिशवी दाबून श्वास तरी देता येईल. ॲम्ब्युलन्स दारात उभी करते. पापण्या पडायला लागल्या की मी स्वतः बरोबर येऊन नेते.” ती थांबली. “तुम्ही एक करायचं. संध्याकाळपर्यंत काकींना झोपू द्यायचं नाही. त्या झोपल्या तर पापणी झोपेने मिटली का विषाने, ते मला ओळखता यायचं नाही.”

आत आलो. सुगंधाला खिडकीजवळची खाट दिली होती. वर पंखा होता. ती आडवी झाली आणि तिने तळहात चादरीवरून फिरवला.

“गार आहे हो चादर,” ती म्हणाली. आणि लगेच डोळे मिटले.

“सुगंधा!”

“काय?”

“झोपायचं नाही. बोलत राहायचं.”

“काय बोलू?”

मलाही सुचेना. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं कामापुरतं. पाणी सोडलं का, गिऱ्हाईक आलं का, मीठ संपलं. मी म्हटलं, “वरच्या वाफ्याचा कॉक बंद केलास का?”

“पाइप तुमच्या हातात होता.”

“हो की.”

“आता दुसरं काही विचारा.”

मी दीपालीचं विचारलं. दीपाली आमची मुलगी, तेव्हा पुण्याला शिकत होती. फोन करून कळवू का, म्हटलं. नको म्हणाली, तिची परीक्षा आहे. मग पारूआतेच्या सुनेचं झालं, ग्रामसेवकाने फुकट नेलेल्या नारळाच्या रोपांचं झालं. माझ्याजवळचं सगळं संपलं. पंखा फिरत होता. तिच्या पापण्या हळूहळू खाली येत होत्या. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं.

“अहो, किती बोलता आज!”

“तू बोल मग. मी ऐकतो.”

“मी बोलले तर ऐकवणार नाही तुम्हाला.”

“बोल.”

ती छताकडे बघत राहिली. “मला ना, रात्री आयेची हाक आली की आधी राग येतो. मग उठते. वळवून झालं की ती माझ्या हाताला धरते, सोडत नाही. मग रागाची लाज वाटते. परत आडवी होते, तर झोप गेलेली असते. रोज असंच. आज सकाळी ढिगापाशी बसले होते तेव्हा पाचोळा आणि हात वेगळे दिसत नव्हते मला. साप हातात कधी आला कळलं नाही. उचलला नुसता.”

मी तिच्या सुजलेल्या हाताखाली उशी सरकवली.

“मला औषध नको आणि काही नको,” ती म्हणाली. “एक झोप द्या. उठवू नका कुणी.”

“संध्याकाळी झोप. वाटेल तेवढी.”

“हां,” ती म्हणाली आणि पापण्या परत खाली आल्या. या वेळी डावी जास्त खाली आली, निदान मला तसं वाटलं. मी डॉक्टरला हाक मारली. ती धावत आली आणि सुगंधाच्या डोळ्यांसमोर, जरा वर, बोट धरलं.

“काकी, मान हलवायची नाही. नुसत्या डोळ्यांनी वर बघा. बघत राहा. आता एका दमात आकडे म्हणायचे. थांबायचं नाही.”

“आकडे कसले? शाळेत आहे काय मी?”

“मग जे येतं ते म्हणा. पण एका दमात.”

सुगंधाने श्वास घेतला. “हापूस, पायरी, केसर, रत्ना, सिंधू, मानकूर, रायवळ, बिटकी, काजू वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात, कोकम, फणस कापा, फणस बरका, जायफळ, मिरी…” आणि मग खोकला आला.

“मिरीला कलम करतात?” डॉक्टरने विचारलं.

“छाट लावतात. यायचं असेल तर मृगात या, देते दोन.”

डॉक्टर हसली. “दम भरपूर आहे. डोळेही वर टिकले. काका, या दमल्यात नुसत्या. पण एवढ्यात सोडत नाही मी. बोलत ठेवा.”

ऊन खिडकीतून खाटेवर आलं. सूज कोपरापर्यंत चढली होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, “निजूं दे की तिला. केवढा छळतोस!” काय सांगणार तिला? मी सुगंधाला वाऱ्याने मोडलेल्या कलमांचं सांगत होतो, जे तिला माहीत होतं. ती हुंकार देत होती. मग हुंकार थांबला.

मी हाक मारली. पापण्या अर्धवट उघड्या होत्या आणि आतलं पांढरं दिसत होतं. गालावर थोपटलं. खांदे धरून हलवलं. मान सैल होऊन एका बाजूला गेली. तोंडाच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बाहेर ॲम्ब्युलन्सचं इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं. डॉक्टर पिशवी घेऊन धावली, शिपाई स्ट्रेचर ओढत आला. डॉक्टरने सुगंधाच्या छातीच्या हाडावर मूठ ठेवून जोरात दाबलं.

“आई गं!” सुगंधा ओरडली आणि उठूनच बसली. “काय चाललंय काय तुमचं? आंबे परत म्हणू का? हापूस! पायरी! केसर! रत्ना! अहो, मला झोप आलीय हो, झोप! कळत नाही का कुणाला?”

सगळी खोली हसली. शेजारची म्हातारी तर पदर तोंडात घेऊन हसली. शिपायाने स्ट्रेचर परत नेलं. मी खाटेच्या कडेला बसलो. हसू मलाही आलं, पण त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

दिवे लागायच्या वेळेला डॉक्टर परत आली. सूज चढायची थांबली होती. डोळे, जीभ, श्वास सगळं बघून ती म्हणाली, “काकी, सुटलात. आता झोपा खुशाल. सकाळी सोडते.”

मी चादर सारखी केली. सुगंधा आडवी झाली आणि डोळे मिटले. मी सुद्धा भिंतीला टेकलो. थोड्या वेळाने बघतो तर तिचे डोळे उघडे.

“काय झालं?”

“पारूआतेने आयेला दुसऱ्या कुशीवर घेतलं असेल ना हो?”

“घेतलं असेल. तू झोप.”

तिने परत डोळे मिटले, परत उघडले. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती उठून बसली आणि पायांनी चपला शोधायला लागली. “नाही येत,” म्हणाली. “दिवसभर येत होती तेव्हा दिली नाहीत. आता गेली. चला घरी.”

डॉक्टर रागावली. कागदावर सही घेतली. बरणी सुगंधाने स्वतः उचलली.

त्या रात्री आईला मी वळवलं. आई म्हणाली, “तू कशाला रे?” आणि तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस लाजली, मग नाही. त्यानंतर आई होती तोवर रात्रीचं माझ्याकडे राहिलं. पण सुगंधाची सवय मोडली नाही. मी उठलो की ती अंधारात जागीच असायची. “उशी पाठीला लावा,” एवढंच म्हणायची.

रात्री राईत जाता आलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच आम्ही दोघं गेलो. तिचा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून बरणी मी धरली होती. मोठ्या आंब्याच्या मुळाशी ती मी आडवी केली. पोवळा लगेच बाहेर आला नाही. आम्हाला बघून त्याने परत शेपटी उचलली आणि तिची खालची निळसर बाजू दाखवत राहिला.

“बघा,” सुगंधा म्हणाली. “काळतोंड्या असं करत नाही. हा बिचारा काल सुद्धा उचलून दाखवत असणार. मी बघितलं नाही.”

मग तो पाचोळ्यात गेला. जाताना लाल पोट जरासं दिसलं.

पुढे आई गेली. दीपालीचं लग्न झालं. नर्सरीत बायका अजून रोवळी ठेवतात आणि काडीने साप उलटा करून बघतात. मग सुगंधाला मूत्रपिंडाचं दुखणं लागलं, ते तीन वर्षं चाललं. डायलिसिसला घाट उतरून जायचो आणि घाट चढून यायचो. जाताना ती बोलायची, येताना माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प असायची. मागच्या वैशाखात डॉक्टर म्हणाले, आता नको, घरीच ठेवा. आता डायलिसिस नको, हे डॉक्टरांना आम्ही सांगितलं नव्हतं. तिनेच त्यांना आधी सांगितलं होतं.

दुपारची वेळ होती. दीपाली स्वयंपाकघरात पेज करत होती. मी खाटेशी बसलो होतो. सुगंधाच्या पापण्या खाली यायला लागल्या, हळूहळू, त्या दिवशी यायच्या तशा. मी तिचा हात धरला. करंगळीच्या बेचक्यात त्या खुणा कुठे राहिल्या नव्हत्या, तरी मी तिथेच बघत होतो.

“सुगंधा,” मी म्हटलं. “आंबे म्हण.”

तिने ओठ हलवले. “हापूस,” म्हणाली. “पायरी.” मग थांबली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. चेहरा हसरा होता.

“आता नको हो,” ती म्हणाली. “झोपू द्या. त्या दिवशीची राहिलीय.”

ऊन तिच्या तोंडावर येत होतं. मी उठून खिडकीचं दार लोटलं. दीपाली पेज घेऊन आली तेव्हा तिला हातानेच थांबवलं. मग खाटेशी येऊन बसलो आणि काही बोललो नाही.